बाईसाहेबांचे डोळे

स्टॅनहिथ,
मार्चचा शेवटचा आठवडा

प्रिय टॅम,

रविवारी फोनवर तू विचारलंस आणि मी ‘भरती चढतेय, बोट आत घ्यायला हवी’ म्हणून घाईनं फोन ठेवला. बोट सकाळपासून आतच होती. तुलाही ते कळलंच असणार, भरती-ओहोटी काय तुला मी शिकवायची! फोन कानाला लागला की माझी जीभ टाळ्याला चिकटते, ही माझी जित्याची खोड. तुझी आई म्हणायची, रूबेनला बोलतं करायचं असेल तर त्याच्या हातात कुंचला द्या आणि त्याच्याकडे पाठ करून उभे राहा. आज कुंचल्याऐवजी पेन आहे. तू पाठ करून उभी आहेस असं धरतो आणि लिहितो.

तुझा प्रश्न मी विसरलेलो नाही. तुझ्या ग्रेगरनं तिकडे तुमच्या बोटींच्या शेडवर माझ्यासाठी खोली चढवली, तिला पाण्याकडे खिडकी काढली, माझ्या गुडघ्यांसाठी जिन्याच्या पायऱ्या मुद्दाम बुटक्या केल्या, हे सगळं तू सांगितलंस. हेटी विचारते, ‘आजोबा खरे आहेत की फोनमध्येच राहतात?’ तेही सांगितलंस. आणि मग म्हणालीस, ‘बाबा, ही शेवटची वेळ विचारतेय. परत नाही विचारणार.’ रागानं म्हणाली असतीस तर मी रागानं काहीतरी बोललो असतो आणि मोकळा झालो असतो. पण तू ते अगदी हळू म्हणालीस. तेव्हापासून ते वाक्य घरात फिरतंय. चहा टाकायला गेलो की तिथं, बूट घालायला बसलो की तिथं. उत्तर याच पत्रात देणार आहे. पण तुझ्या बापाला सरळ रेघ मारता येते ती फक्त बोटीच्या अंगावर. बोलण्यात मी किनाऱ्या-किनाऱ्यानं जाणारा माणूस. तेव्हा जरा दमानं घे. आधी गावाची खबर ऐक, कारण उत्तर त्या खबरीतच आहे.

खबर आहे बाईसाहेबांची, आपल्या जकातघराच्या लाकडी बाईची. मागे वादळ झालं त्यात त्यांचा खांदा भिजून फुगला. फेब्रुवारीत मी शिडी लावून बोट टेकवलं तर लाकूड पावासारखं आत गेलं. दीडशे वर्षं जकातघराच्या दारावर छाती काढून उभी राहिलेली बाई, आणि ती माझ्या हयातीत कुजावी? विल्फ चगला सांगितलं. तो आता आपल्या बंदराचा अधिकारी आहे, म्हणजे टोपी घालतो आणि उन्हाळ्यात पाहुण्यांच्या गाड्यांवर ओरडतो. त्यानं जिल्ह्याच्या संग्रहालयाला कळवलं आणि तिकडून मिस पॉमरॉय नावाची एक मुलगी आली. मुलगी म्हणजे असेल पस्तिशीची, पण माझ्या वयाला आता सगळ्या मुलीच. डोक्याला दिवा बांधून ती परांचीवर चढली आणि तीन दिवस खाली यायचं नाव नाही. खाली अख्खं गाव मान वर करून उभं. ओहोटीला बोटी चिखलात बसल्या की आपल्या गावाला दुसरं काम काय असतं ते तुला ठाऊक आहे.

तुला आठवतंय ना, बाईसाहेब म्हणजे राणी, असं आपण सगळे मानत आलो? माझ्या आजोबांच्या आजोबांच्या काळी एक जहाज बंदराच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावर फुटलं. गावानं आधी माणसं वाचवली, मग लाकडंही ‘वाचवली’. ‘तीन घंटा’ पबचं आढं त्याच जहाजाचं आणि जहाजाच्या नाळेवरची, म्हणजे अगदी पुढच्या टोकावरची, ही लाकडी बाईही त्याचीच. डोक्यावर मुकुटासारखं काहीतरी, खांद्यांवर जाडजूड पट्टा, एक हात पुढे आणि मूठ पोकळ. राजदंड समुद्रात गेला, असं सगळे म्हणत. दारापाशी बंदराच्या इतिहासाची जी पाटी आहे, तिच्यावर मीच माझ्या हातानं सोनेरी अक्षरांत लिहिलंय, ‘जहाजाची राणी’. तू लहानपणी त्या पाटीची नक्कल करून आईला हसवायचीस. आधी न्यूफाउंडलंडचा कॉड मासा, मग मीठ, मग चुना, मग चिनी मातीच्या गोण्या, आणि आता आइसक्रीम. संपला आपल्या बंदराचा इतिहास!

तर चौथ्या दिवशी मिस पॉमरॉय ‘तीन घंटा’मध्ये आली आणि सगळ्यांना म्हणाली, मी सांगते त्याचा राग मानू नका. मुकुट हा मुकुट नाही, ती कपड्याची चुंबळ आहे. खांद्यावरचा पट्टा राजघराण्याचा नाही, ती कावड आहे, दोन्ही टोकं करवतीनं कापलेली. आणि मुठीत राजदंड नव्हता, तिथं कडीची खोबण आहे. बादलीच्या कडीची. तुमची राणी गवळण आहे. टॅम, पबात इतकी शांतता मी फक्त एकदाच पाहिली होती, फुटबॉलमध्ये आपण जर्मनीकडून हरलो तेव्हा. मग विल्फ उठून म्हणाला, ‘म्हणजे रोज सकाळी टोपी काढून मी दूधवालीला सलाम करत होतो?’ एनिड स्ली तिथल्या तिथं म्हणाली, ‘बरं झालं की! राणीला करून काय मिळालं तुला? दूधवालीला केलास तर निदान चहात दूध तरी पडेल!’ मग जो हशा उसळला! एनिडचं म्हणशील तर तिचं चहाचं दुकान जकातघराच्या समोरच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, ‘बाईसाहेबांच्या बादलीतली मलई, स्कोनच्या पावावर आधी मलई, मग जॅम, उलट करणाऱ्यांनी पलीकडच्या परगण्यात जावं.’ माझ्या पाटीवरची सोनेरी ‘राणी’ मात्र मला खरवडायला लागणार. विल्फ म्हणतो, राहू दे रे, ‘जहाजाची राणी’च्या खाली बारीक अक्षरांत लिही, ‘दूध मिळेल’.

पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. त्याच बैठकीत त्या पॉमरॉय पोरीनं भिंतीवर चादर लावून चित्रं दाखवली. बाईसाहेबांच्या घागऱ्यातून, गालातून आणि एका डोळ्याच्या कोपऱ्यातून तिनं तांदळाच्या कणीएवढे रंगाचे तुकडे काढले होते आणि ते भिंगाखाली धरून त्यांचे फोटो घेतले होते. तुला माहीतच आहे, ईस्टरच्या आदल्या शनिवारी बाईसाहेबांना नवा रंग चढतो आणि तो विकतचा नसतो. ज्यानं त्या साली बोट रंगवली असेल त्यानं डब्याच्या तळाशी उरलेला रंग आणून द्यायचा, असा रिवाज. म्हणून एका साली घागरा निळा, दुसऱ्या साली हिरवा, आणि एकदा तुझ्या लहानपणी चक्क नारिंगी झाला होता. भिंतीवरच्या फोटोत ते सगळे थर एकावर एक दिसत होते, झाडाच्या बुंध्यातल्या कड्यांसारखे. आधी कुणाच्या लक्षात येईना. मग मागून कुणीतरी ओरडलं, ‘अरे, तो निळा प्रूडन्स बोटीचा!’ आणि झालं! जो तो उठून भिंतीपाशी. हा हिरवा माझ्या सासऱ्याच्या बोटीचा, हा करडा लढाईच्या दिवसांतला, नौदलाचा उचललेला, कुठं बोलू नका. आपल्या बंदरातली एकूण एक बोट त्या कणीएवढ्या तुकड्यात होती. विल्फ एका बारीक तांबड्या रेघेवर बोट ठेवून उभा राहिला. ‘माझ्या बापाच्या बोटीचा,’ एवढंच म्हणाला. ती बोट दांड्यापलीकडून परत आली नव्हती. त्यानं टोपी काढली आणि ती परत घालायला विसरला. मी चाळीस वर्षं त्या बाईला रंग देतोय, पण खाली काय काय झाकत गेलो हे मला त्या दिवशी दिसलं.

मग मिस पॉमरॉयनं डोळ्याचा फोटो लावला. म्हणाली, हे एक मात्र मला उमगत नाही. घागऱ्यावर आणि गालांवर जेवढे थर आहेत त्याहून डोळ्यांवर वीसेक कमी. जणू गेली वीस वर्षं डोळ्यांना कुणी कुंचलाच लावला नाही. आणि कडा बघा, किती सफाईनं सोडल्यात. ‘मिस्टर प्रस्ट, रंग तुम्ही देता ना?’

टॅम, अख्खा पब माझ्याकडे वळला. मी ग्लासात बघत बसलो. ग्लास रिकामा होता.

डोळ्यांचा रिवाज काय तो तुला सांगायला नको, पण सांगतो, कारण आता तो कुणी पाळत नाही आणि लिहून ठेवला तर बरा. रंगकाम माझं, पण डोळे नेहमी शेवटी आणि डोळे त्यानं घालायचे जो त्या साली दांडा ओलांडून दूर जाणार असेल. कॉडच्या दिवसांत न्यूफाउंडलंडला जाणारे खलाशी चिठ्ठ्या टाकायचे म्हणे, शिडीवर कुणी चढायचं याच्या. ज्यानं डोळे घातले त्याचा चेहरा बाईसाहेब सगळ्यात शेवटी बघतात, म्हणून तो परत येईतो त्या दांड्याकडे नजर लावून असतात. ज्या साली जाणारं कुणी नसेल त्या साली रंगाऱ्यानं जुन्यावरच कुंचला फिरवायचा. तुझ्यानंतर बहुतेक सालं तशीच गेली. हल्ली पोरं ब्रिस्टलहून विमानानं जातात, त्यांना शिडीवर चढायला वेळ कुठला! आणि मी... मी कुंचला फिरवला नाही. दर साली डोळ्यांच्या कडेनं रेघ काढायचो आणि आत जायचो नाही. तुझे होते ते. त्यांच्यावर माझा रंग चढवायला हात धजला नाही, आणि मग तीच सवय झाली.

पण एका साली जाणारा निघाला होता ना! एनिडचा डॅरन, नौदलात. त्याचं माझ्या मनातून साफ उतरलं होतं, पण एनिडच्या मनातून कसं उतरणार! ती उभी राहिली, कमरेवर हात. ‘थांब थांब, रूबेन. माझा पोरगा शिडीवर चढला होता. तू खालून त्याला कुंचला दिलास. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.’ मी म्हटलं, होय. ‘मग त्यानं काय रंगवलं?’ खोटं बोलायची सोयच नव्हती, बाईसाहेब भिंतीवर दोन हात रुंद होऊन बघत होत्या. मी म्हटलं, ‘भुवया.’ पबात जे हसणं सुरू झालं ते थांबेना. विल्फ म्हणाला, ‘तरीच! मला वाटायचं बाईचं वय वाढतंय म्हणून भुवया जाड होतायत!’ एनिड माझ्याकडे बघत राहिली. आता ही ग्लास फेकून मारते, असं मला वाटलं. तर ती म्हणाली, ‘सहा वर्षं मी त्या बाईच्या जिवावर निवांत झोपले आणि माझ्या पोराकडे बघत होत्या कोण, तर भुवया!’ आणि तीही हसायला लागली. डॅरन जीवरक्षक बोटीवर इंजिन बघतो आता, तिथंच बसला होता. तो म्हणाला, ‘मी आलो ना परत आई? भुवया चांगल्या होत्या.’ दुसऱ्या दिवशी एनिड माझ्या दाराशी गरम पाई ठेवून गेली, मटण आणि बटाट्याची, वर कणकेच्या दोन जाड भुवया चिकटवलेल्या. ती बोलली नाही म्हणजे समजून घेतलं असं धरायचं.

आता ऐक ते ज्यासाठी मी इतका वळसा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परांचीखाली उभा होतो. मिस पॉमरॉय वरून म्हणाली, ‘मिस्टर प्रस्ट, नाळेवरच्या बायका सरळ पुढे बघतात, जहाजाच्या वाटेकडे. हिची बुबुळं मात्र डावीकडे आणि जरा खाली. हे मुद्दाम आहे की चुकून?’ मी म्हटलं, चुकून कसं असेल, ती दांड्याकडे बघते. ‘दांडा तर उजवीकडे,’ ती म्हणाली. तेवढ्यात विल्फ शिडीवरून वर गेला, बाईसाहेबांच्या डोक्यामागे गाल टेकवून बंदुकीचा नेम धरतात तसा एक डोळा मिटून बघायला लागला. मग तिथूनच म्हणाला, ‘रूबेन, लेका, ही तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बघतेय.’

तू म्हणशील, वीस वर्षं नाकाला नाक लावून रंग दिलात आणि बाबा, तुम्हाला कळलं नाही? नाही कळलं. शिडीवर एका वेळी एकच डोळा समोर असतो आणि मी तर डोळ्यात कधी बघतच नव्हतो, कडेची रेघ सुटू नये म्हणून जीव मुठीत धरून असायचो. खाली उतरल्यावर वर बघितलं तर मान तशीही कललेली, मला हवं ते दिसायचं. आणि मला हवं होतं दांड्याकडे बघणं. पण तुझी आई! सिंकपाशी कप विसळताना ती कितीदा म्हणायची, ‘ही बाई माझ्याकडे बघते हं, रूबेन. कप नीट विसळला की नाही ते बघते.’ मी हसायचो. हेस्टरची थट्टा, दुसरं काय! ती थट्टा नव्हती. तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं आणि मी आपणहून ओळखेन म्हणून वाट बघितली असणार. वाट बघण्यात ती माझ्यापेक्षा शंभर पटीनं हुशार.

मग तू गाव सोडलंस तो दिवस मी पुन्हा आठवून बघितला. तुला घेऊन जाणारी ती दुरुस्त केलेली दोन डोलकाठ्यांची बोट धक्क्याला लागलेली, तिचा मालक घाई करतोय, भरती फिरायला आलेली. तू सुतारकामाची पेटी खाली ठेवून शिडीवर चढलीस. मी शिडी धरून खाली. ‘सहा महिन्यांचाच तर प्रश्न आहे बाबा,’ तू आदल्या दिवशी म्हणाली होतीस, आणि मी ते खरं मानलं होतं, आणि तूही मानलं होतंस. डोळ्यांचं काम असतं किती, दोन ठिपके! पण तू वर इतका वेळ लावलास की तो मालक शिट्ट्या मारायला लागला. मी मान वर करायला गेलो तर म्हणालीस, ‘वर बघू नका, रंग डोळ्यात पडेल.’ आणि तुझी आई खिडकीत उभी राहून भांडी पुसायचं फडकं हलवत होती. तू मान वळवून वळवून तिकडे बघत होतीस. मला वाटलं, आईचा निरोप घेतेय. तू नेम धरत होतीस, पोरी. जाणाऱ्यानं आपल्यासाठी डोळे घालायचे, हा रिवाज. तू ते आमच्यासाठी घातलेस. बाईसाहेबांना सांगून गेलीस की माझी वाट बघू नका, यांच्याकडे बघा.

आणि मी वेडा! वीस वर्षं ते डोळे जपले, ते तुझी वाट बघतायत म्हणून. तू दर दोन-तीन वर्षांनी विचारायचीस, ‘बाबा, येता का?’ आणि मी म्हणायचो, बाईसाहेबांचा रंग कोण देईल, धक्क्यावरच्या दिव्याची काच कोण पुसेल, या साली गुडघा, त्या साली पाऊस. मनात खरं हे होतं की आपण इथं थांबलो तरच तुझं परत येणं शिल्लक राहतं. वाट बघणाऱ्यानं जागा सोडली तर येणाऱ्यानं यायचं कुठं? आई गेली तेव्हा तू आलीस, पंधरा दिवस राहिलीस, माझे सदरे दुरुस्त केलेस, आणि जाताना धक्क्यावर उभी राहून बाईसाहेबांकडे नाही, खिडकीकडे बघत होतीस. तेव्हाही मला काही उमगलं नाही. तू विल्फला विचारलं होतंस म्हणे, ‘त्या खिडकीत आता दिवा लागतो का?’ त्यानं हे मला परवा सांगितलं. आठ वर्षं पोटात ठेवलं. म्हणाला, मला वाटलं तुला माहीत असेल. या गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं, फक्त ज्याचं त्याला नसतं.

तर आता ठरलंय ते असं. बाईसाहेबांना खरवडायचं नाही. संग्रहालयाची इच्छा होती की वरचे सगळे थर काढून मूळ गवळण उघडी करावी, पण विल्फ म्हणाला, त्या थरांत माझा बाप आहे, त्याला कुणी ब्लेड लावायचं नाही. मिस पॉमरॉय समजूतदार, तिनं मान डोलावली. कुजलेला खांदा काढून ओकचा नवा तुकडा बसवलाय. बादली मात्र परत मिळणार, डॅरन ती कोरतोय, आत्ता तरी ती फुलदाणीसारखी दिसते. ईस्टरच्या आदल्या शनिवारी नेहमीप्रमाणे रंग. डबे यायला लागलेत. या साली घागरा बहुधा जीवरक्षक बोटीच्या नारिंगीचा होईल, तेव्हा देव आपल्याला तारो.

राहिले डोळे. मिस पॉमरॉयनं विचारलं, त्यांचं काय करू? सगळे म्हणाले, रूबेनला विचारा. मी म्हटलं, टॅमला विचारतो. म्हणून हे पत्र, पोरी, आणि हेच तुझ्या प्रश्नाचं उत्तर. या साली डोळे मी घालणार आहे. तुझे पुसणार नाही, ते खाली तसेच राहतील, कोणाच्या ना कोणाच्या निळ्या-हिरव्या थरांत, आणि वर माझे येतील. तू हो म्हणालीस तर. गावाला हे सांगितलं तेव्हा विल्फ म्हणाला, ‘काय रे, या वयात नौदलात चाललास?’ मी म्हटलं, नाही, लेकीकडे. आणि एनिडनं आपल्या खिशातून सगळ्यांना प्यायला सांगितलं, जे ती ख्रिसमसलाही करत नाही. विमान ब्रिस्टलहून आहे, रिवाज म्हणून गावातून निघेन मात्र पाण्यानंच. ईस्टरनंतरच्या आठवड्यात, भरती असेल तेव्हा, डॅरन मला त्याच्या बोटीतून दांडा ओलांडून पलीकडच्या गावी सोडेल, तिथून आगगाडी. माझे कुंचले मी बरोबर आणतोय, ग्रेगरला सांग त्याच्या बोटींची नावं आता कुणा परक्याकडून लिहून घेऊ नकोस. किती दिवस राहीन ते विचारू नकोस, मला माहीत नाही, आणि प्रथमच माहीत नसल्याची भीती वाटत नाही. बाईसाहेबांची नजर मी सरळ दांड्याकडे ठेवणार आहे. आमच्या खिडकीत बघायला आता तिथं कुणी नसेल, आणि जे होते त्यांच्याकडे तुझं पुरेसं बघून झालंय. हेटीला सांग, आजोबा फोनमधून निघाले.

तुझाच, शिडी धरून उभा असलेला,
बाबा